‘गोळीनंच अंग हलतं’ म्हणणाऱ्यांना

गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: पार्किन्सनच्या गोळीनंच अंग हलतं, पाच वर्षांत ती निकामी होते, म्हणून लगेच बंद करा आणि खाजकुयलीचं चूर्ण घ्या. मी दुर्लक्ष केलं असतं. पण तो यवतमाळकडच्या खेड्यात राहणाऱ्या माझ्या मोठेबाबांपर्यंत पोचला आणि त्यांनी गोळ्यांची पट्टी कोनाड्यात टाकून दिली. तिसऱ्या दिवशी मी गेलो, तर खाटेवर त्यांची कूस बदलायलाही दोघं लागत होते. पुटपुटले, “गोळीनंच हालतो ना मी, मोबाइलात लिवलं हाय.”

‘लगेच बंद करा’ लिहिणाऱ्याला काही कळतं का? पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात, म्हणून हालचाल मंदावते, अंग आखडतं. गोळीतल्या लेवोडोपापासून मेंदूत तेच डोपामिन बनतं. ती एकदम तोडली की अंग लाकूड होतं. कधी जोराचा ताप चढतो, शुद्ध हरपते, जीवही जातो. आमच्याकडे ताप आला नाही, एवढंच नशीब. डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली.

आता ‘अंग हलतं’. अर्धं खरं आहे, कबूल. बसल्या जागी हात थरथरतो तो आजारानं. पण गोळीचा अंमल चढला की मान-खांदे डोलायला लागतात, ती वळवळ गोळीशी जोडलेली आहे. मग गोळी जितकी उशिरा तितकं बरं? २०१४ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलना आली. घानात लेवोडोपा सुरू व्हायलाच आजाराची सरासरी चार वर्षं उलटलेली, इटलीत अडीचच्या आसपास. तरी वळवळ दोन्हीकडे आजाराला जवळपास तितकीच वर्षं झाल्यावर सुरू झाली. आजार किती जुना आणि मात्रा किती, यावर ते ठरतं. थांबून काही वाचत नाही. वळवळ फार झाली तर डॉक्टर मात्रा आणि वेळा बदलून देतात.

पाच वर्षांत निकामी? नाही. अंमल कमी तास टिकायला लागतो, इतकंच. मोठेबाबांची दुपारची गोळी ‘लागत’ नव्हती, कारण ते ती तुरीच्या वरणासोबत घ्यायचे. आतड्यातून रक्तात शिरायला प्रथिनं आणि लेवोडोपा एकाच दाराशी गर्दी करतात. आता जेवणाच्या पाऊण तास आधी घेतात आणि दुपारी स्वतः उठून ओसरीत येतात.

आणि ती खाजकुयली! तिच्या बियांत लेवोडोपाच असतो. म्हणजे ज्याला शिव्या घातल्या तेच चमच्यानं घ्या, फक्त किती ते विचारू नका. गोळीत सोबत कार्बिडोपा असतो, चूर्णात नसतो. त्याच्यामुळे औषध वाटेतच खर्ची पडत नाही आणि मळमळही कमी होते.

खरंच अंग आखडवणारं औषध शोधायचं असेल तर उलटीवर देतात ते मेटोक्लोप्रमाइड बघा. पार्किन्सनच्या माणसाला ते टोचू देऊ नये. त्याचं नाव मेसेजात कुठंच नाही.