कॅसेटमधली चिप उपटू नका

पुण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा : जुन्या निन्टेन्डोच्या कॅसेटमधली सिक्युरिटी चिप गेम कुलूपबंद करते, म्हणून कॉपी होत नाही, फुंकर मारली की चिप जागी होते, आपल्याकडच्या ‘९९९९ इन वन’ कॅसेटी ही चिप फोडूनच बनल्या, चिप काढून टाका, म्हणजे अमेरिकेची कॅसेट कुठल्याही सेटवर चालेल.

मी जुने गेमचे सेट दुरुस्त करतो. गेल्या रविवारी एक कॉलेजचा मुलगा त्याच्या काकांनी अमेरिकेहून आणलेला सेट घेऊन आला. मेसेज वाचून त्याने एका कॅसेटची चिप काढली होती. आता ती कॅसेट घातली की दर सेकंदाला पडदा उघडझाप करत होता. ते पाहून हे लिहायला बसलो.

कुलूपबंद गेम ही गोष्टच खोटी आहे. गेम रॉममध्ये, म्हणजे कॅसेटमधल्या साठवणीच्या चिपमध्ये, उघडीच असते आणि कन्सोलचा, म्हणजे सेटचा, प्रोसेसर ती थेट वाचतो. सिक्युरिटी चिप त्या वाटेत कुठेच येत नाही. रॉम वाचायचं यंत्र असेल तर १९८५ मध्येही गेम उतरवून घेता आली असती. अडायचं ते पुढे, ती कॉपी कन्सोलवर चालवताना.

तेही कसं, ते नीट सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. चिप एक नसून दोन असतात, एक कन्सोलमध्ये आणि एक कॅसेटमध्ये. दोन्ही सारख्याच, चार बिटांच्या छोट्या मायक्रोकंट्रोलर. चौथ्या पायावर व्होल्टेज असेल तर चिप कुलूप होते, नसेल तर किल्ली. सेट चालू झाला की कुलूप किल्लीला सांगतं, सोळांपैकी अमुक पाढा, म्हणजे बिटांचा ठरलेला क्रम, घे. मग दोघी एकाच घड्याळाच्या ठोक्यावर तोच पाढा म्हणतात आणि प्रत्येक बिट एकमेकींना ऐकवून ताडून पाहतात. खेळ चालू असेपर्यंत हे थांबत नाही. एक बिट जरी चुकला तरी कन्सोलमधली चिप प्रोसेसरला पुन्हा पुन्हा रीसेट करते. त्या मुलाच्या टीव्हीवर नेमकं हेच चाललं होतं : कुलूप विचारत होतं आणि उत्तर द्यायला किल्लीच नव्हती.

फुंकरीचं कोडंही यातच सुटतं. अमेरिकन सेटचा ७२ पिनांचा कनेक्टर वापरून सैल पडतो, पिनांवर गंज चढतो आणि दोन चिपांचं बोलणं तुटतं. आपण कॅसेट काढतो, फुंकतो, परत घालतो. काम होतं ते परत घालण्याने, कारण पिना नव्याने घासून बसतात. फुंकरीतून जाते ती वाफ, आणि ओलाव्याने गंज वाढतो. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसा.

‘९९९९ इन वन’वाल्यांनी मात्र काहीही फोडलं नाही. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या फॅमिकॉममध्ये, म्हणजे निन्टेन्डोच्या मूळ जपानी सेटमध्ये, ही चिप नव्हतीच. अमेरिकेत व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला, तेव्हा कोणीही उठून परवान्याशिवाय गेम काढू नये म्हणून निन्टेन्डोने १९८५ च्या अमेरिकन सेटमध्ये ती बसवली. परवानाधारक कंपनीला वर्षाला पाचच गेम काढता येत आणि कॅसेटी निन्टेन्डोच बनवून देई. आपल्याकडे घरोघरी असलेले नकली सेट फॅमिकॉमच्या वंशातले, ६० पिनांचे. त्यांना कुलूपच नाही. म्हणूनच मेसेजमधला सल्लाही फुकट : अमेरिकन कॅसेट त्यांच्यात चालत नाही ती ७२ पिनांमुळे. त्याला ॲडाप्टर लागतो, चिप काढून काहीच साधत नाही.

कुलूप फोडणारे होते, पण अमेरिकेतले. काहींनी कॅसेटमधून व्होल्टेजचा झटका देऊन कन्सोलची चिप बधिर केली. अटारी गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने तर कोर्टाच्या कामासाठी हवा असं खोटं सांगून अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून चिपचा प्रोग्रॅम मिळवला आणि टेंजेन नावाने विकलेल्या कॅसेटींत स्वतःची चिप घातली. १९९२ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला.

आणि अमेरिकन सेटमधली ही अडकाठी काढायचीच असेल तर कॅसेटला हात लावू नका. कन्सोलमधल्या चिपचा चौथा पाय उचलून ग्राउंडला जोडला की ती स्वतःला किल्ली समजते आणि रीसेट करणं थांबवते. १९९३ च्या वरून कॅसेट घालायच्या सेटमध्ये निन्टेन्डोने स्वतःच कुलूप काढून टाकलं.

त्या मुलाने उपटलेली चिप सुदैवाने डबीत जपून ठेवली होती. तपकीर गल्लीतून बारीक टोकाचा सोल्डर गन आणून ती परत बसवली. एक पाय तुटला होता, तिथे तारेचा तुकडा जोडला. कॅसेट चालू आहे. तुमच्यापैकी कोणी चिप काढली असेल तर ती फेकू नका, आणि पाय वाकवू नका.