पाटी बघून मदत नाकारली, त्याच्या पुढचं कुणी सांगत नाही

‘अमेरिकेत केंद्र सरकारचे कर्मचारी सगळे डेमोक्रॅट, त्यांना जाब विचारणारं कुणी नाही, म्हणून हवं त्याला काढायची मोकळीक राष्ट्राध्यक्षाला हवी.’ हा दावा सर्रास फॉरवर्ड होतोय. आपले कितीतरी नातेवाईक तिथे राहतात, म्हणून तो आपल्या ग्रुपांवरही येतो.

त्यासोबत दिलं जाणारं उदाहरण खरं आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मिल्टन वादळाने फ्लोरिडाला झोडपलं. फेमा या आपत्ती यंत्रणेतल्या एका पर्यवेक्षक महिलेने आपल्या पथकाला लेखी सांगितलं, अंगणात ट्रम्प यांच्या प्रचाराच्या पाट्या असलेली घरं टाळा. सुमारे 20 घरं वगळली गेली. वादळात सापडलेल्या माणसाचं दार त्याच्या अंगणातली पाटी बघून ठोठावायचं नाही, याची चीड यायलाच हवी. पण पुढे काय झालं? आपण वरच्या सूचनेप्रमाणेच वागलो, असं ती म्हणाली, तरी नोव्हेंबरमध्ये तिची नोकरी गेली. प्रकरण सरकारी कर्मचाऱ्यांच्या राजकीय नियमभंगाची चौकशी करणाऱ्या ऑफिस ऑफ स्पेशल काउन्सेलकडे पाठवलं गेलं आणि फेमाच्या प्रमुखांना संसदीय समितीपुढे उत्तरं द्यावी लागली. राष्ट्राध्यक्ष तेव्हा डेमोक्रॅट होते.

कायदाही आजचा नाही. सरकारी पैसा आणि माणसं निवडणुकीत राबवल्याच्या आरोपांनंतर 1939 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांच्या राजकीय प्रचारावर बंधनं घालणारा हॅच कायदा आला. 1993 च्या दुरुस्तीनंतर बहुतेक कर्मचारी ड्युटी नसताना प्रचार करू शकतात, अंगणात पाटी लावू शकतात. आपल्याकडे 1964 च्या आचरण नियमांनुसार केंद्रीय कर्मचाऱ्याने घरावर निवडणूक चिन्ह लावणंही चालत नाही, त्यामुळे तिथली पाटी आपल्याला पक्षपाताचा पुरावा वाटते. ती तशी नाही. ड्युटीवर प्रचार, हा मात्र कायद्याचा भंग आहे.

‘सगळे डेमोक्रॅट’? 2013 मध्ये खात्यांवर आतून नजर ठेवणाऱ्या महानिरीक्षकांनी करखात्याला पकडलं, ‘टी पार्टी’ नाव असलेल्या उजव्या संस्थांचे करसवलतीचे अर्ज वेगळे काढल्याबद्दल. त्याच कार्यालयाच्या 2017 च्या अहवालात ‘प्रोग्रेसिव्ह’ आणि ‘ऑक्युपाय’ नावाच्या डाव्या संस्थाही तशाच निवडल्याचं निघालं. हॅच कायदा मोडल्याचा ठपका ओबामांच्या मंत्री कॅथलीन सिबेलियस आणि हुलियान कास्त्रो यांच्यावरही आला, ट्रम्प यांच्या सल्लागार केलीॲन कॉनवे यांच्यावरही.

खरी गळती इथेच आहे. जून 2019 मध्ये स्पेशल काउन्सेलने कॉनवे यांना पदावरून काढण्याची शिफारस केली. ट्रम्प यांनी ती मानली नाही. वरच्या नेमणुकांबाबत शिक्षेचा निर्णय राष्ट्राध्यक्षाच्याच हाती असतो, म्हणून खालच्या कर्मचाऱ्याची नोकरी जाते आणि वरचा सुटतो.

आणि उपाय म्हणे राष्ट्राध्यक्षाला आणखी मोकळीक! ती घेतली गेलीच. 24 जानेवारी 2025 ला ट्रम्प यांनी 17 च्या आसपास महानिरीक्षक एका फटक्यात काढले. 30 दिवसांची पूर्वसूचना आणि कारणं देण्याचं कायद्याचं बंधन बाजूला पडलं. दोन आठवड्यांनी स्पेशल काउन्सेल हॅम्प्टन डेलिंजर यांचीही पाळी आली. जाब विचारणारेच घरी गेले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारी कामकाज ठप्प असताना शिक्षण खात्यातल्या रजेवर धाडलेल्या कर्मचाऱ्यांच्या ईमेलचं आपोआप जाणारं उत्तर परस्पर बदललं गेलं. त्यात डेमोक्रॅट सिनेटरांना दोष होता, आणि वाक्यं अशी की जणू तो कर्मचारी स्वतःच बोलतोय. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने हे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं उल्लंघन ठरवलं. कर्मचाऱ्यांच्या तोंडी पक्षाची भाषा या वेळी घातली होती ती वरच्यांनी.