मांडी म्हणजे सीट नव्हे

आज दुपारी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ विमानाची तिकिटं काढायला गेले होते. तिथून आल्यापासून डोकं तापलंय. सहावीचे पेपर तपासायचे तसेच पडलेत, पण आधी हे लिहिते.

विषय तसा साधा. २५ नोव्हेंबरला दिल्लीला नणंदेकडे जायचंय. तिचे मिस्टर लष्करात, सध्या पोस्टिंग तिकडे. २ डिसेंबरला परत. पुण्याहून विमान. आणि लेक २८ नोव्हेंबरला दोन वर्षांची होते. म्हणजे जाताना ती ‘इन्फंट’, थोडक्या पैशांत मांडीवर जाणारी. येताना ‘चाइल्ड’, तिला स्वतःची सीट घ्यावीच लागते. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, तिकीट काढल्या दिवशीचं नाही.

एजंट म्हणाला, “वहिनी, चार दिवसांचा तर प्रश्न. जन्मतारीख जरा पुढची टाकू, येताना पण इन्फंट. एवढं कोण बघतंय?” शेजारी बसलेले काका म्हणाले, “पोरगी अंगानं बारीक आहे, खपून जाईल.”

खपून जाईल! लेक आहे माझी ती, बाजारातला माल नाही.

मी म्हटलं, “दादा, खरीच तारीख टाका. येतानाची सीट घ्याच, जातानाची पण घ्या.” तो बघतच राहिला. “जाताना कशाला? नियमच नाही तसा.”

नियम नाही, माहितीये मला. जूनमध्ये मी नियमानंच गेले होते.

जूनच्या शेवटी भावाकडे बेंगळुरूला गेलो तेव्हा लेक १९ महिन्यांची होती. पावसाळी हवा, पुण्यातून उडालो तेव्हाच ढग. टेकऑफच्या आधी हवाईसुंदरीनं लहान मुलांचा तो छोटा पट्टा दिला, जो आपल्या पट्ट्यात ओवून बाळाच्या पोटाभोवती लावायचा. वर गेल्यावर लेक झोपली, पट्टा पोटाला काचतोय असं वाटलं म्हणून मी तो सोडला. पट्ट्याचा दिवा तेव्हा बंद होता. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. एकदम विमान खाली बसलं. ज्यांनी अनुभवलंय त्यांना कळेल, पोटात खड्डा पडतो तसं. माझं अंग पट्ट्यानं सीटला धरलेलं, आणि लेक माझ्या मांडीवरून वर. माझ्या हनुवटीवर तिचं डोकं आपटलं. मी जे हाताला लागलं ते धरलं, तो तिचा दंड होता. सगळं मिळून दोन-तीन सेकंद.

तिला तसं काही झालं नाही. रडली, दूध प्यायली, परत झोपली. पण त्या गोऱ्या दंडावर माझ्या चार बोटांचे वळ उठले होते. दुसऱ्या दिवशी भावजय आंघोळ घालताना म्हणाली, “ताई, हे काय झालं हो?” मला उत्तर देता येईना.

सांगायचा मुद्दा हा की मी घट्ट धरलं होतं. ‘आईच्या मांडीएवढी सुरक्षित जागा नाही’ असं आपण सगळे म्हणतो. मीही म्हणायचे. पण लेकीचं वजन ११ किलो. तसा दणका बसला की क्षणभर ते २२ किंवा ३३ किलोसारखं ओढतं. कुठल्या आईचे हात, तेही अर्धवट झोपेत, तेवढं धरून ठेवतील? ज्यांना वाटतं आपण धरू, त्यांनी २० किलोची गव्हाची पिशवी कुणालातरी मांडीवर फेकायला सांगावी आणि झेलून बघावी.

पट्टा सोडला ही चूक माझीच, मान्य. पण अमेरिकेत तर टेकऑफ-लँडिंगला हे पोटावरचे पट्टे वापरायला परवानगीच नाही, कारण जोरात धक्का बसला तर मोठ्या माणसाचं अंग आणि पट्टा यांच्यामध्ये बाळाचं पोट चिरडतं. मग लावायचा तरी काय?

जूननंतर मी याबद्दल बरंच वाचलं. १९ जुलै १९८९ ला अमेरिकेत सू सिटीला युनायटेडचं २३२ नंबरचं विमान कोसळलं. विमानात चार मुलं आईबापांच्या मांडीवर होती. मुख्य हवाईसुंदरी जॅन ब्राऊन यांनी तेव्हाच्या सूचनेप्रमाणे आईबापांना मुलांना खाली पायापाशी ठेवायला सांगितलं. त्यांतलं एक गेलं. २२ महिन्यांचं होतं. जॅन ब्राऊन पुढे कितीतरी वर्षं एकच मागणी करत राहिल्या, प्रत्येक मुलाला स्वतःची सीट द्या.

माझी लेक परवाच २२ महिन्यांची झाली.

अमेरिकेतल्या अपघात चौकशी मंडळानं १९९० मध्ये तशीच शिफारस केली. पण तिथल्या विमान खात्यानं २००५ मध्ये तसा नियम करायचा विचार सोडून दिला. कारण काय, तर सीट सक्तीची केली तर लोक विमान सोडून मुलांना घेऊन गाडीनं निघतील आणि रस्त्यावर जास्त मुलं मरतील. ठीक आहे, हिशेब म्हणून त्यात तथ्य असेल. आपला हायवे आणि खंबाटकी घाट रोज बघणाऱ्याला ते पटतंही. पण ते सरकारचं गणित झालं. मी आई आहे, मला एकाच मुलीचा हिशेब करायचाय.

आणि विमानात बघा ना. उतरताना ट्रे बंद करा, सीट सरळ करा, पर्स पुढच्या सीटखाली सरकवा, चहाची गाडी कुलूप लावून उभी करा. का? तर उडून कुणाला लागू नये म्हणून. सगळ्या वस्तू बांधून ठेवायच्या आणि ११ किलोचं जिवंत पोर कुणाच्यातरी हातांच्या भरवशावर! याचा राग येत नाही का हो कुणाला?

संध्याकाळी घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, “एसटीत पाच वर्षांपर्यंत तिकीट लागत नाही, रेल्वेत पण नाही, आणि तू दोनच्या आधीच घ्यायला निघालीस?” मी जरा चिडूनच बोलले. म्हटलं, आई, दोन वर्षं ही भाड्याची रेघ आहे, जिवाची नाही. २७ च्या रात्री झोपलेली पोर २८ ला सकाळी उठून अचानक सीटवर बसण्याजोगी होते का? ती जून महिन्यातच तेवढी होती.

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “मेढ्याहून साताऱ्याला यायचे तेव्हा दोघं मांडीवर आणि एक पायापाशी. उभं राहून पण आलेय.” तेव्हा मला बोलल्याचं वाईट वाटलं. त्या बाईनं तीन पोरं मांडीवर वाढवली, कारण दुसरी जागाच नव्हती. त्यांच्या मांडीला मी कमी लेखत नाहीये. पण त्यांना पर्याय नव्हता आणि मला आज आहे. ओढाताण करून का होईना, आहे.

पैशाचं म्हणाल तर टोचतात. मोठ्या माणसाएवढंच भाडं पडलं. त्या पैशात वाढदिवसाचा हॉल झाला असता, तो आता नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी घेऊ नये, कुणी त्यांना नावं ठेवू नयेत. जूनमध्ये आम्हीही विचार केला नव्हता. राग आहे तो ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्यांवर. काउंटरवर जन्माचा दाखला मागितला तर मूल कडेवर घेऊन भांडायचं, हे आपण पोरांसमोर करायचं? आणि समजा नाही मागितला, तर मी तिला परत मांडीवर घेऊन बसू? ते वळ बघितल्यावर?

आपल्याकडे हा विषय काढला की लोक हसतात. इथे सकाळी मोटरसायकलच्या टाकीवर पोर बसवून, हेल्मेटशिवाय शाळेत सोडतात. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर पट्टा आणि हेल्मेट हवं, वेग ४० च्या वर नको, हा नियम २०२२ मध्येच आलाय. गाडीत १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे. कागदावर आहे सगळं.

असो. राग जरा उतरला लिहून.

तिकिटं झाली. ऑनलाइन जन्मतारीख टाकली की ती आपोआप मांडीवरची होत होती, म्हणून शेवटी कंपनीला फोन करून दोन्ही बाजूंची सीट घेतली. गाडीतली कार सीट नेऊ दिली तर तिला खिडकीच मिळेल, म्हणजे बाहेर पडायची वाट अडत नाही. आमच्या कार सीटच्या मागे लाल अक्षरांत विमानासाठी चालते असं लिहिलेलं नाही, त्यामुळे उद्या परत फोन करायचाय. रुंदीही मोजायची आहे, नवऱ्याला टेप शोधायला लावलंय.

पुण्याहून कुणी कार सीट घेऊन गेलं असेल तर खाली सांगा. कुठल्या मापाची होती, सिक्युरिटीला काय म्हणाले, आणि मूल बसलं का नीट. आमची गाडीत तरी आणेवाडीच्या टोलपर्यंत बसते, मग रडायला लागते.