मी काहीच खाल्लं नव्हतं!

मधुमेह्याच्या घरात साखर वाढली की पहिला प्रश्न "का वाढली?" असा नसतो, "काय खाल्लंत?" असा असतो. आरोपी ठरलेला, फक्त मुद्देमाल सापडायचा बाकी. आमच्याकडे तपास लाडवांच्या डब्यापासून सुरू होतो आणि माझ्या शर्टाच्या खिशापर्यंत येतो. एकदा खिशात बडीशेप सापडली. तीही रंगीत निघाली. त्या दिवसापासून माझ्या शब्दाला घरात किंमत नाही.

खाऊन वाढलेल्या साखरेबद्दल माझी तक्रार नाही. जिलबी पोटात, आकडा कागदावर, हिशोब चुकता. न खाता वाढलेली साखर मात्र निव्वळ बदनामी.

पहाटेचंच घ्या. रात्री झोपताना ग्लुकोमीटर 126 दाखवतो आणि सकाळी चूळ भरायच्या आत 158. मधल्या वेळात मी फक्त घोरलेलो असतो.

"रात्री उठला होतात ना?"

"बाथरूमला."

"येताना फ्रिज लागतो."

फ्रिजचा इथे काडीचाही संबंध नाही. पहाटे तीन-चारपासून शरीर उठायच्या तयारीला लागतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वगैरे मंडळी रक्तात उतरतात आणि यकृताला कळवतात, साहेब उठणार आहेत, साखर सोडा. धडधाकट माणसाचं इन्सुलिन तिचा बंदोबस्त करतं, आमचं कमी पडतं. यकृत स्वतः साखर तयार करतं हे क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1848 सालीच दाखवलं होतं. ही बातमी डोंबिवलीत अजून पोचायची आहे. माझं यकृत तर पंक्तीत वाढणाऱ्या आत्याबाईंसारखं आहे: पान रिकामं दिसलं की न विचारता वाढणार.

पुढे माझा खांदा धरला. मधुमेह्यांना फ्रोझन शोल्डर इतरांपेक्षा जास्त होतो, तेव्हा ते रीतसरच झालं. हाडांच्या डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी साखर 290. माझा बचाव बिनतोड होता. हातच वर जात नाही, तर फडताळातला डबा मी काढणार कसा?

"डावा धरलाय," ही म्हणाली. "उजव्याचं काय?"

इंजेक्शन स्टेरॉइडचं होतं. ते सांध्यात दिलं तरी थोडं रक्तात उतरतं आणि काही दिवस साखर चढवून ठेवतं. हाडांच्या डॉक्टरांनी हे सांगितलं नाही, कारण साखर त्यांच्या खात्यात येत नाही. शुगरच्या डॉक्टरांना इंजेक्शनचं माहीत नव्हतं, कारण खांदा त्यांच्या खात्यात येत नाही. ही दोन्ही खाती एकाच माणसाच्या अंगात आहेत, याची नोंद घेणारं खातं अजून उघडलेलं नाही.

पण या सगळ्यांवर कडी केली ती हापूसने. मे महिना, नातवंडं आलेली, आणि आमरस काढायचं काम माझ्याकडे. हे काम मधुमेह्याकडे द्यायचं यात केवढी निर्दयता आहे याची कुणालाच कल्पना नसते. आंबा हळूहळू चोळून मऊ करायचा, देठाशी चीक काढायचा, मग साल दाबत कोय पातेल्यात सोडायची. कोयीला चिकटलेला गर बोटांनी निपटायचा. रस मनगटावरून कोपराकडे ओघळायला लागतो आणि आपण भीष्मप्रतिज्ञा केल्यासारखे छताकडे बघत बसतो. मी चाखलासुद्धा नाही. साक्षीला दोन नातवंडं होती. दोघंही पुढे फितूर झाली, ते सोडा. काम आटोपल्यावर हात फडक्याला पुसले, बोट टोचलं, थेंब पट्टीवर लावला. 341!

घरात एकदम शांतता. सून म्हणाली, "बाबा, दवाखान्यात जाऊया का?" हिने काही न बोलता पातेलं उचललं आणि रस किती कमी झालाय ते तिरपं करून पाहिलं.

शेजारच्या नर्सबाईंना बोलावलं. त्यांनी मीटरकडे नाही, माझ्या नखांकडे पाहिलं. नखाच्या कडेला, कातडीच्या घडीत, केशरी रेघ होती. "काका, साबण लावून हात धुऊन या." धुतले, पुसले, पुन्हा टोचलं. 149. मीटरने माझं रक्त कमी आणि देवगडचा हापूसच जास्त मोजला होता! पट्टीला लागणारा थेंब इवलासा, त्यात फळाची साखर किंचित मिसळली तरी आकडा आभाळाला भिडतो. जपानमधल्या डॉक्टरांनी लोकांना संत्री, द्राक्षं आणि किवी सोलायला लावून हे तपासलेलं आहे. 2011 साली ते छापूनही आलं. स्पिरिटच्या कापसाने बोट पुसून भागत नाही, नळाखालीच धुवावं लागतं. मी हे सगळं जेवताना सविस्तर सांगितलं. तोवर आमरस संपला होता आणि माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मीटरला त्याच्या नियमांनीही सवलत आहे. शंभराच्या वर 15 टक्के इकडे-तिकडे चालतं. म्हणजे खरी साखर 200 असली तर तो 170 दाखवेल.

"किंवा 230," ही म्हणाली. हिचं गणित पहिल्यापासून चांगलं.

बाकीचे आरोपी किरकोळीत सांगतो. खोकल्याचं गोड औषध. रात्रीचं जागरण, कारण झोप अपुरी झाली की इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. दाढेच्या मुळाशी साचलेला पू, लघवीचा संसर्ग, साधा ताप. साखर कारण नसताना दोन-तीन दिवस चढीच राहिली तर डबे तपासण्याआधी दात, लघवी आणि पायाचे तळवे तपासा, असं आमचे डॉक्टर म्हणतात. हे वाक्य मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलं आहे. आषाढी एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीला मात्र आमच्याकडे कुणी कधी आरोपी केलेलं नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, पण तो पांडुरंगाच्या नावावर जातो.

आणि मनस्ताप! हार्वर्डचे वॉल्टर कॅनन यांनी 1911 साली घाबरलेल्या मांजरांच्या लघवीत साखर शोधून काढली. पुढे 1913 च्या हंगामातला अटीतटीचा फुटबॉल सामना संपल्याबरोबर त्यांनी कॉलेजच्या 25 खेळाडूंची लघवी तपासली. बारा जणांत साखर निघाली. त्यातले पाच जण राखीव होते, बाकावर बसून नुसते बघत होते! हे वाचल्यावर मला 19 नोव्हेंबर 2023 चा उलगडा झाला. विश्वचषकाची अंतिम लढत, सगळं घर टीव्हीसमोर, पोळी-भाजी ताटात तशीच वाळलेली. त्या रात्री ट्रॅव्हिस हेडने 137 केल्या आणि मी 231. मी तर बाकावरही नव्हतो, सोफ्यावर होतो.

हे डॉक्टरांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, "वही ठेवा. खाल्लेलं लिहिताच, आता झोप, दुखणं, ताप, कटकट हेही आकड्यासमोर लिहीत चला. महिनाभरात आपोआप कळेल, तुमची साखर कशाने हलते." मी इमानेइतबारे लिहायला घेतलं. अंगदुखी, 172. सोसायटीची सभा, पार्किंगचा विषय, 198. अशा नोंदी झाल्यावर एका रविवारी लिहिलं: "जेवण नेहमीचंच. झोप उत्तम. ताप नाही. संध्याकाळी मेहुणे आले, साडेदहापर्यंत बसले. 226."

वही सोमवारी हिच्या हातात पडली. मंगळवारपासूनच्या नोंदी हिच्या अक्षरात आहेत, आणि कारणाच्या रकान्यात रोज एकच शब्द आहे: "स्वभाव".