स्पिनरवर फवारा मारण्यापूर्वी

कोल्हापुरात जुनी गेम-मशीन जपणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या मंडळींच्या मोबाईलवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : स्पिनर, म्हणजे बोटांनी गोल फिरवायचा कंट्रोल, अडखळू लागला की आतला पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे घासत सरकणाऱ्या संपर्काने किती फिरवले ते सांगणारा भाग) झिजला असे समजावे, त्यात गंज काढायच्या तेलाचा फवारा मारावा, तरीही भागले नाही तर मशीनचा सर्किट बोर्ड गेलेला असतो, आणि जुना स्पिनर दुरुस्त होत नसल्यामुळे त्या जागी यूएसबीचा नवा बसवावा. या सल्ल्यानुसार फवारा मारलेले दोन स्पिनर याच पावसाळ्यात माझ्या टेबलावर आले. त्यांतला एक तेलाने इतका माखलेला होता की हातात धरवत नव्हता. म्हणून या चारही विधानांना सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान पॉटचे. पॉट साधारण पाऊण फेरा फिरतो आणि दोन्ही टोकांना अडतो. १९७२ च्या पाँग आणि १९७६ च्या ब्रेकआउट या गेममध्ये असाच पॉट होता, आणि बहुधा तिथूनच हा गोंधळ पुढे आला असावा. १९८१ चा टेम्पेस्ट, १९८२ चा ट्रॉन, १९८६ चा अर्कानॉइड यांचा कंट्रोल मात्र कितीही फेरे फिरतो, कुठेच अडत नाही. तो उघडून पाहिला तर दांड्याच्या टोकाला खाचा असलेली एक चकती दिसते आणि तिची कडा दोन छोट्या सेन्सरांच्या फटीतून फिरत असते. प्रत्येक फटीच्या एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि समोर फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे तो प्रकाश ओळखणारा भाग, असतो. दाता मध्ये आला की प्रकाश अडतो, खाच आली की तो पार जातो. हे दोन सेन्सर पाव आवर्तनाच्या (एक दाता आणि एक खाच मिळून एक आवर्तन) अंतराने बसवलेले असल्यामुळे कोणता आधी बदलला यावरून बोर्डाला दिशा कळते आणि किती वेळा बदलला यावरून अंतर कळते. या मोजणीत एकमेकांवर घासणारा संपर्कच नाही. मग तिथे झिजलेला पॉट शोधायचा तरी कुठे?

हे लक्षात आले की बिघाडाची लक्षणे आपोआप वाचता येतात. दांडा फिरवूनही पॅडल, म्हणजे पडद्यावर स्पिनरने हलवायची वस्तू, जागच्या जागी थरथरत असेल, तर एक सेन्सर बंद आहे आणि बोर्डाला दिशाच कळत नाही. फेऱ्याच्या एका अर्ध्यात नीट चालून दुसऱ्या अर्ध्यात अडखळत असेल, तर चकती डुगडुगते आहे. काहीच हालत नसेल, तर आधी ५ व्होल्टचा सप्लाय आणि वायरी पाहाव्यात.

दुसरे विधान फवाऱ्याचे, आणि चारांत सर्वांत जास्त नुकसान तेच करते. पॉटच्या आतला मळ कॉन्टॅक्ट क्लीनरने निघतो हे खरे आहे, पण एका भागाचे औषध दुसऱ्या भागाला देऊन कसे चालेल? शिवाय गंज काढायचे तेल म्हणजे कॉन्टॅक्ट क्लीनर नव्हे. ते बेअरिंगमधले मूळ ग्रीस पातळ करून बाहेर काढते आणि सेन्सरच्या फटीत चिकट थर सोडते. आपल्याकडच्या दमट हवेत त्या थरावर धूळ बसायला वेळ लागत नाही. माझ्याकडे आलेल्या स्पिनरमध्ये चकतीच्या खाचांत करड्या रंगाचे मेणासारखे कीट साचले होते. दांडा अगदी हळू फिरवत मल्टिमीटर लावला, तेव्हा एका सेन्सरचे आउटपुट ०.२ व्होल्टपर्यंत उतरत होते, पण दुसऱ्याचे १.४ व्होल्टच्या खाली यायलाच तयार नव्हते. बोर्डावरचे टीटीएल जातीचे आयसी ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ व्होल्टच्या वर एक मानतात; मधल्या पट्ट्यात काय वाचले जाईल याची खात्री नसते. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही फटी आणि चकती पुसली, पूर्ण वाळू दिली आणि पुन्हा मोजले, तर दुसरा सेन्सरही ०.२ वर आला. येथे थिनर किंवा ॲसिटोन वापरू नये, कारण सेन्सरचे प्लॅस्टिक त्याने धुरकट होते. पुसूनही फरक पडला नाही, तर एलईडी मोबाईलच्या कॅमेऱ्यातून पाहावा. डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश बऱ्याच मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात फिकट जांभळा दिसतो, आणि दोन एलईडींपैकी एक मंद असेल तर तेही लगेच ओळखू येते.

बोर्ड गेल्याचे निदान तर मोजल्याशिवाय करूच नये. बोर्डाच्या इनपुट पिनेवर दोन्ही आउटपुट व्यवस्थित खाली-वर होत असतील आणि तरीही पॅडल हालत नसेल, तरच तिथल्या आयसीवर संशय घ्यावा. माझ्या अनुभवात दोष त्याआधीच सापडतो : काळवंडलेली कनेक्टरची पिन, ड्राय सोल्डर (नीट न धरलेला डाग), किंवा मशीनचा दरवाजा उघडताना-मिटताना आतून तुटलेली आणि वरून साबूत दिसणारी वायर. जोरात फिरवल्यावर पॅडल उलट दिशेला पळते, हेही पुष्कळदा बोर्ड गेल्याचे लक्षण मानले जाते. प्रत्यक्षात बोर्डाच्या दोन वाचनांमध्ये चकतीच्या इतक्या खाचा निघून जातात की दिशेचा हिशेब चुकतो. टेम्पेस्टच्या मूळ चकतीला ७२ दाते आहेत. त्या जागी कोणी जास्त दात्यांची चकती बसवली असेल, तर ही तक्रार येऊ शकते.

राहिले शेवटचे विधान. यूएसबीचा स्पिनर संगणकाला उत्तम चालतो, पण जुन्या बोर्डाला दोन सेन्सरांचे थेट आउटपुट हवे असते. यूएसबीची भाषा त्याला समजत नाही. म्हणजे चांगला चालू शकणारा भाग काढून न जुळणारा बसवायचा. मधल्या फटीचा सेन्सर ही काही दुर्मिळ वस्तू नाही. एच२१ए१ सारखा ३ मिलिमीटर फटीचा सेन्सर मागवून घेता येतो, मात्र पिनांचा क्रम आणि बसण्याची जागा आधी जुळवून पाहावी लागते. चकतीचे दातेच मोडले असतील, तर बदलण्याला माझा विरोध नाही.

दुसऱ्या स्पिनरचा दोष बुशाचा, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या नळीचा, होता. दांडा बोटाने दाबला की चकती सेन्सरच्या भिंतीला घासत होती, आणि तेलाने ती ढिलाई भरून येण्यासारखी नव्हतीच. मी माप कागदावर लिहून शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्याकडे गेलो. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, “झिजलेल्या दांड्याचं माप लिहून काय कळतंय? दांडाच आणा.” तो नेऊन दिल्यावर त्यांनी पितळेचा बुश त्याच दांड्यावर बेतून काढला. आता चकती फटीच्या बरोबर मधून फिरते आणि अर्ध्या फेऱ्यातले अडखळणे थांबले आहे.