‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ता,

उत्तर मुद्दामच जरा उशिरा देतोय, राग निवळावा म्हणून. तो काही फारसा निवळला नाही.

बंद पडलेला खाऊ तरुणांसाठी पुन्हा बाजारात आणता येतो, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत: “चाळिशी उलटलेल्या काकांचं रडगाणं. आजच्या पोरांना जुन्या चवीशी देणंघेणं नाही. एकदा गंमत म्हणून घेतील, पुन्हा कोण घेणार?” पुढे साखर, पामतेल, जाहिराती, आणि शेवटी “पैसे घेऊन लिहिलंय का?”

शीर्षक भडक होतं, मान्य. पण ‘काका’ कशासाठी? माझ्या वयाचा इथे संबंध काय? मुद्दा खोडायचा असेल तर खुशाल खोडा, पण हे असलं बोलणं मला चालत नाही.

आता तुमचं ते ‘देणंघेणं नाही’. कॅडबरीने ब्रिटनमधलं आपलं विस्पा नावाचं चॉकलेट, ती विस्पा, 2003 मध्ये बंद केली. 2007 मध्ये ती परत आली ती फेसबुक आणि मायस्पेसवर लोकांनी लावून धरल्यामुळे. तेव्हा तिथे काय पेन्शनर बसलेले असायचे? आधी थोड्या काळापुरती आणली, माल हातोहात गेला, मग 2008 मध्ये कायमची. ‘पुन्हा कोण घेणार’ याचं उत्तर त्यातच आहे. तुम्हाला उत्तर हवं होतं की नुसता टोला हाणायचा होता, कोण जाणे.

डंकरूज घ्या. क्रीममध्ये बुडवून खायची ती छोटी बिस्किटं. अमेरिकेत 2012 मध्ये बंद, 2020 मध्ये परत. तेव्हा दहा वर्षांच्या असलेल्या पोराला कसली आलीय आठवण? त्याच्या दृष्टीने तो नवाच खाऊ. आठवण आईबापांची, डबा पोराचा, एवढंच मी म्हणत होतो. लेख पुरता वाचला असता तर दिसलं असतं.

आणि ‘घरबसल्या ज्ञान’ म्हणालात म्हणून सांगतो. उमेदीची वर्षं मी खाऊच्या वितरणात घातली आहेत. जुन्या नावाने नव्याने आलेली पाकिटं मी स्वतः काउंटरवर ठेवली आहेत. दुकानदार नावाकडे बघतसुद्धा नाही. पाकीट उलटं करून तारीख वाचतो, कड दाबून हवा सुटतेय का बघतो आणि विचारतो, “नाही खपलं तर परत नेणार ना?” आमच्या कंपनीने परत घ्यायला नकार दिला आणि तो ब्रँड दुसऱ्यांदा मेला. चवीबद्दल एकाचीही तक्रार नव्हती.

ट्विंकीचंही तेच बघा, म्हणजे अमेरिकेतला तो क्रीम भरलेला छोटा केक. तो बनवणारी होस्टेस कंपनी 2012 च्या नोव्हेंबरात बंद पडली, ट्विंकी 2013 च्या जुलैत परत. परत आली तेव्हा टिकण्याची मुदत 45 दिवस होती. पूर्वी ती 26 च्या आसपास असे. आधी कंपनीच्या गाड्या दुकानोदुकानी फिरायच्या, नव्या मालकांनी माल थेट गोदामात पाठवायला सुरुवात केली. गाडं तिथे अडतं हो, आठवणींपाशी नाही! पण हे काउंटरच्या अलीकडे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

साखर-पामतेलावर बोलायचं तर नव्या-जुन्या सगळ्याच पाकिटांवर बोलावं लागेल. तो माझा विषय नव्हता. जाहिरातींचं तुम्ही काय म्हणताय ते मला नीटसं कळलंच नाही, सोडून देतो.

राहिला पैशाचा प्रश्न. नाही घेतले. मी स्वतःच्या नावाने लिहितो. टोपणनावाआडून असले आरोप करायला काही लागत नाही. तुमची पुढची प्रतिक्रिया ठेवायची की काढायची, ते ती वाचून ठरवेन.