वॉशर पंप घरी बदला, पण त्या मेसेजप्रमाणे नको

रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, गाडीतून काहीतरी जळाल्याचा वास येतोय. बाबा बॉनेट उघडून उभे आहेत, ऐकत नाहीत. तुम्ही या." वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून मी समाला पोचेपर्यंत काकांनी, म्हणजे वहिनीच्या सासऱ्यांनी, गाडी बंद केली होती, पण वास तसाच होता. वॉशरच्या, म्हणजे गाडीच्या काचेवर पाणी उडवणाऱ्या, पंपाकडे जाणाऱ्या दोन वायरींचं प्लास्टिक मऊ होऊन त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. काका ७४ वर्षांचे आहेत. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "अरे, यात लिहिलंय तसंच केलं मी."

हा मेसेज माझ्याकडेही तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला होता आणि मी न वाचता सोडून दिला होता. त्याचं आता वाईट वाटतं. त्यात लिहिलंय ते थोडक्यात असं: काचेवर पाणी उडत नसेल तर गॅरेजमध्ये जाऊ नका, ते लुटतात. फ्यूज सारखा उडत असेल तर ३० अँपिअरचा टाका. पाणी येईपर्यंत स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी ओढून धरा. तरीही नाही आलं तर कुठल्याही गाडीचा पंप आणा, दोनच वायरी असतात, कशाही जोडा. जुनं रबर राहू द्या, वरून सिलिकॉन लावा. टाकीत उरलेला कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) ओता, शेवाळ धरत नाही आणि काच चमकते. गाडी जॅकवर उचला आणि खाली शिरा, दहा मिनिटांत काम होतं.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, २२ वर्षं मोटरी आणि पॅनेलांची देखभाल करतोय. फ्यूजचा हा सल्ला वाचून मला खरोखर राग आला, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो.

फ्यूज हा वायर वाचवण्यासाठी असतो. वॉशरचा पंप म्हणजे १२ व्होल्टची एक छोटी मोटर, चालताना ती साधारण ३ ते ५ अँपिअर घेते. फिरणारी मोटर स्वतःच उलट दिशेचा व्होल्टेज तयार करते आणि त्यानेच तिचा करंट आवरलेला राहतो. ती जाम झाली की हा आवर जातो. मोटर फिरत नाही, पण करंट मात्र नेहमीच्या कितीतरी पट ओढते. काकांच्या गाडीत नेमकं तेच झालं होतं. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा ही गाडी समाच्या सोसायटीत दोन दिवस अर्धं चाक बुडेल एवढ्या पाण्यात उभी होती. नंतर ब्रेक झाले, सीट वाळवल्या, पण बंपरच्या कोपऱ्यात खाली बसलेल्या या पंपाकडे कोणी पाहिलंच नाही. मी तो बाहेर काढला तेव्हा शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरणारा दांडा, बोटांनी फिरेना आणि वायरी जोडायच्या कपलरच्या पिनांवर हिरवा थर चढला होता.

म्हणजे फ्यूज उडत होता तो बरोबरच उडत होता. पुढे काहीतरी अडकलंय, एवढंच तो सांगत होता. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर या जागी १५ लिहिलेलं आहे. तिथे १५ चा निळा फ्यूज जाऊन ३० चा हिरवा आला. वायरीत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. वायर आणि कपलर मात्र तेच, जुन्या हिशेबाचे बारीक. आता फ्यूज वितळायच्या आधी वायर तापते. काकांच्या गाडीत दोन वायरी चिकटण्यावर भागलं, ते त्यांनी वेळेवर दांडी सोडली म्हणून. वायरींचा हा जुडगा हेडलाइटच्या मागून जातो. आवरण पूर्ण वितळून आतलं तांबं पत्र्याला लागलं असतं तर पुढे काय झालं असतं, हे काकांना सांगताना माझाच आवाज चढला. नंतर त्यांची माफी मागितली. चूक त्यांची नव्हतीच.

आणि हे सगळं मी म्हणतो म्हणून मानू नका. मारुती सुझुकीच्या गाडीबरोबर जे पुस्तक येतं, ते काकांच्या डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकमध्ये न उघडलेलं पडलं होतं. त्यात स्पष्ट लिहिलंय की फ्यूज नेहमी त्याच अँपिअरचा घालायचा, त्याच्या जागी तार किंवा अॅल्युमिनियमचा कागद कधीही लावायचा नाही, आणि नवा फ्यूजही लगेच उडाला तर गाडी तपासून घ्यायची. याच पुस्तकात असंही आहे की पाणी उडत नसेल तर दांडी ओढून धरू नका, वॉशरची मोटर खराब होते. कोरडा पंप तापतो, आतले भाग झिजतात. मेसेजचे पहिले दोन सल्ले इथेच संपले.

"दोन वायरी कशाही जोडा" हे तर पंप कधी हातात न घेतलेल्या माणसाने लिहिलंय. गाडीचा मूळ कपलर एकाच बाजूने बसतो, त्यामुळे उलटं जोडायचा प्रश्नच येत नाही. तो प्रश्न येतो कपलर कापून वायरी पिळून टेपने गुंडाळल्यावर. शिवाय मागे वायपर असलेल्या अनेक हॅचबॅक गाड्यांत एकाच पंपाला दोन तोंडं असतात. मोटर एका दिशेने फिरली की पुढच्या काचेवर पाणी, उलट फिरली की मागच्या. वायरी उलटल्या की तुम्ही पुढची काच धुवायला जाल आणि पाणी मागे उडेल. हालोल रोडवर पावसात ट्रकने चिखल उडवला आहे, समोरचं काही दिसत नाही, अशा वेळी हे घडलं तर काय? पंप आपल्या गाडीच्या मॉडेलचाच घ्या. आम्हाला तो ४०० रुपयांच्या आत मिळाला.

रबराचं सांगतो. पंप टाकीत रबरी ग्रॉमेटमध्ये, म्हणजे रबराच्या कड्यात, दाबून बसतो. जुनं ग्रॉमेट कडक झालं असेल तर गळणारच, नवं अगदी स्वस्तात येतं. सिलिकॉनने पुढच्या वेळी पंप निघता निघत नाही, आणि त्याचे कण आतल्या जाळीत अडकतात ते वेगळंच.

कूलंटबद्दल अर्धी गोष्ट मला मान्य करावी लागते. टाकीत साचलेल्या नुसत्या पाण्यात शेवाळ आणि जंतू वाढतात, हे खरं आहे. इंग्लंड आणि वेल्समधला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वॉशरमध्ये नुसतं पाणी वापरणं आणि लीजनेअर्स नावाचा न्यूमोनिया यांचा संबंध दिसला होता. पण त्यावर उपाय म्हणजे काच धुवायचं वॉशर लिक्विड. रेडिएटरचा कूलंट बहुतेक वेळा एथिलीन ग्लायकॉलचा असतो, तो विषारी आहे आणि काचेवर त्याचा तेलकट थर बसतो. गाडीच्या पुस्तकातही अँटिफ्रीझ, म्हणजे हाच कूलंट, वॉशरमध्ये घालू नका, दिसायला अडथळा होतो आणि रंग खराब होतो, असा इशारा आहे.

आता जॅक. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, कधीही, कशासाठीही शिरायचं नाही. काकांना गुडघ्यांमुळे खाली वाकता येत नाही, म्हणून ते शिरले नाहीत. आमच्या नशिबाने.

घरी हे काम होतं, एवढं मात्र त्या मेसेजचं खरं आहे, आणि काही गॅरेजं न तपासता सगळं बदलायला सांगतात, हेही खरं. आम्हाला दीड तास लागला. आधी दांडी ओढून कान द्यायचा. पंपाची घरघर ऐकू आली तर पंप ठीक आहे, नोझल टाचणीने साफ करा, नळी निसटली आहे का पाहा. आवाज नसेल तर फ्यूज, मग कपलरला टेस्ट लॅम्प लावून दुसऱ्याला दांडी ओढायला सांगा. दिवा लागला आणि पंप गप्प, तरच पंप गेला. मग बॅटरीची मायनस काढून ठेवली, स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि चाकामागच्या प्लास्टिक लायनरच्या पुढच्या क्लिपा काढल्या. हात आत जायला तेवढी जागा पुरली. खाली बादली ठेवली. टाकीतून मूठभर गाळ निघाला, पुराचाच असणार. टाकी धुतली, नवं ग्रॉमेट पाण्याने ओलं करून बसवलं, पंप दाबला. वायरींचा जळका भाग मी कापून तेवढ्याच जाडीच्या वायरीने बदलला. हे मात्र ज्याला येत नाही त्याने ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

तो जळका तुकडा मी ठेवला आहे. त्याचा आणि ३० च्या हिरव्या फ्यूजचा फोटो तिन्ही ग्रुपांवर टाकलाय. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला, त्यांनी हा फोटोही त्याच माणसांना पाठवावा.